फ्रेमचं माप

गंगावेशीत माझं दुकान.
शालन मॅडमची चित्रं बारा वर्षं मीच बांधतो.
पितळी तांब्या, अर्धं कापलेलं लिंबू,
खुर्ची, तिच्यावर घडी न केलेला टॉवेल.
खिडकी रंकाळ्यावर उघडते,
चित्रात ती बंद.
माणूस एकातही नाही.

या खेपेला दोन कप निघाले.
एक ठळक,
दुसरा टवका उडालेला, सावलीत सरकलेला.
"पावणं आल्तं काय?"
"छे! त्यात ब्रश धुते."

काच पुसली.
पट्टी कापली, सागवानी, पाऊण इंची.
माउंट लावताना टवक्याच्या बाजूला
बोटभर जागा जास्त सुटली,
की मी सोडली.

मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं.
"माप चुकलंय," म्हणाल्या,
आणि रिक्षात मांडीवर धरून
तसंच नेलं.