दोनशे सत्तावीस

गुनवोरचा फोन आला
तेव्हा तुर्कूत दुपारचे चार, आणि बाहेर मिट्ट काळोख.
ग्रोशेर बेटावरच्या चर्चची ती चिटणीस.
महिन्याला चौदा पानं पाठवते,
आम्ही छापतो, शुक्रवारच्या बोटीनं परत करतो.

"तुमचा सर्व्हर आधी या म्हणतो," ती म्हणाली,
"नाव विचारतो, पासवर्ड विचारतो, बरोबर म्हणतो.
मग मला ओसरीवर उभं करून आत जातो तो जातोच."
सकाळपासून सव्वीस वेळा.
माझं स्वीडिश शाळेतलं, तिचं फिनिश दुकानातलं,
मधल्या जागा आम्ही आकड्यांनी भरल्या.

मी नोंदी उघडल्या.
बोलायचं दार वेगळं, सामान घ्यायचं वेगळं,
अशी या जुन्या व्यवहाराची रीत.
एकवीस नंबरच्या दारात बोलणं उरकलं
की सर्व्हर म्हणतो: दोनशे सत्तावीस,
आणि पुढे सहा आकडे सांगतो.
पहिले चार पत्ता, उरलेले दोन म्हणजे दार.
पाकिटाच्या पाठीवर मी गुणाकार मांडला,
एकशे पंच्याण्णव गुणिले दोनशे छप्पन्न,
त्यात ऐंशी.
पन्नास हजार.
शेपूट नाही, उरलंसुरलं काही नाही.
हा आकडा इल्पोनंच निवडलेला असणार.

इल्पो मे महिन्यात निवृत्त झाला, आता होड्यांना डांबर लावतो.
जुन्या फायरवॉलमध्ये त्याचा एक नियम होता,
पन्नास हजारापासून पुढे शंभर दारं,
आणि शेजारी टीप: हात लावू नये.
मंगळवारी नवी फायरवॉल बसवली.
सगळे नियम इकडून तिकडे नेले,
ज्याचा अर्थ लागेना तेवढा एक आम्ही गाळला.
आम्ही नाही.
मी.

शंभर दारं उघडली.
"आता बघ," म्हटलं.
फोनमध्ये वारा, खुर्चीची करकर,
मग गुनवोर: "ओसरीवरच आहे."

तेव्हा कुठे मी ते पहिले चार आकडे मोठ्यानं वाचले.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, चार, बारा.
हा तर घरातल्यांनी घरातच म्हणायचा पत्ता.
समुद्रापलीकडच्या पाहुणीला निरोप धाडावा
की ये, मधल्या खोलीत बसलोय,
आणि गावाचं नाव सांगूच नये, तसं.
सर्व्हर पहिल्यापासून हेच सांगत आलेला.
जुनी भिंत जाता जाता
त्याच्या तोंडचा पत्ता बदलून द्यायची,
अकरा वर्षं, कुठे नोंद नाही, कुणाला पत्ता नाही.
आम्ही तिला फक्त अडवणारी समजत होतो.
आता ती तळघरात, केबल गुंडाळून,
भंगाराच्या गाडीची वाट बघत.

सर्व्हरला त्याचा बाहेरचा पत्ता शिकवला.
एका ओळीचं काम, पण तीनदा तपासली.
सत्ताविसाव्या वेळी
यादी आली, मग फाइल,
तिच्याकडचे बाइट आणि माझ्याकडचे, शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे.
पहिलं पान उघडून पाहिलं, फाटलंय का म्हणून.
फाटलं नव्हतं.
तीन मृत्यू, एक बारसं,
धक्क्यावरच्या नव्या दिव्यासाठी वर्गणी.

"माझं काही चुकलं होतं का?" तिनं विचारलं.
नाही म्हटलं. आमच्याच घरानं चुकीचा पत्ता दिला,
तू त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवत राहिलीस.
"पण मग मी वाजवत होते कुणाचं?"

खरंच की. मी तिला शोधायला लावलं.
चार, बारा. तिच्याच कचेरीत.
बराच वेळ फोनवर नुसती तिची पावलं.
मग हसू, आधी दबलेलं, मग न आवरणारं:
कपाटामागचा जुना प्रिंटर!
सकाळपासून मधेच जागा व्हायचा,
दिवा लुकलुकायचा,
आणि तिनं दोनदा त्याच्यात कागद भरला होता.