कारण: स्थलांतर

गॅसचं कनेक्शन परत करायला गेले
तर एजन्सीतल्या मुलाने फॉर्मवर बोट ठेवलं:
कारण?
मी लिहिलं, स्थलांतर.
कुठे, पुण्याला?
म्हटलं, सेतूबालला.
त्याला साताऱ्यासारखं काहीतरी ऐकू आलं असावं.
शिक्का मारून त्याने
एक्याण्णव सालचं नऊशे रुपये डिपॉझिट
दोनदा मोजून दिलं.

सगळे एकच विचारतात.
मुलगा असतो का तिकडे? नाही.
भाची, पुतणी? नाही.
मग समोरचा माणूस थोडा वेळ
माझ्या चपलांकडे बघतो.

चौतीस वर्षं गोदीत, हिशेब खात्यात.
कुणी सोडवायला न आलेल्या मालाची यादी करायची,
नोटीस काढायची, थांबायचं,
मग लिलाव.
शिवणाच्या सुया, छत्र्यांच्या काड्या,
एकदा चारशे बूट, सगळे डाव्या पायाचे.

आता रात्री मोबाईलवर पोर्तुगीज शिकते.
लिलावाला ते म्हणतात लैलाँव.
मी थांबवलं, मागे नेलं, परत ऐकलं.
बादलीला बाल्द. साबणाला साबाँव. चावीला शाव्ह.
आणि पगार हे तर क्रियापद निघालं: पैसे देणे.
म्हणजे दर एक तारखेला
मी एक क्रियापद घरी आणत होते, सही करून.

याच धक्क्यावर कधीतरी उतरले असतील हे शब्द.
सोडवायला कुणी आलं नसेल,
राहिले आमच्या मोरीत.

कागदांत मी तीन जणी आहे.
शाळेच्या दाखल्यावर वैजयंता,
पासपोर्टवर वैजयंती,
पेन्शनच्या बुकात नुसती व्ही. जी. ठोसर.
तिघी एकच, असं प्रतिज्ञापत्र करायला
फोर्टमधल्या नोटरीकडे गेले.
तो म्हणाला, तिघींचे मिळून एकीचेच पैसे घेतो.

दाढ बसवून घेतली.
पंधरा वर्षं बघायला नको, डॉक्टर म्हणाले.
जिना उतरताना बेरीज झालीच.

पेन्शनच्या खिडकीवर विचारलं,
दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला, तो तिथून कसा?
सोपं आहे, बाई म्हणाल्या,
फोनसमोर डोळे मिचकवायचे.
चेहरा जुळला की तुम्ही आहात.

समोरची फिलोमिना परेरा गॅलरीतून ओरडते,
"आडनाव माजा, न चाल्लीस तू!"
ती माझगाव सोडून एकदाच गेली, वसईला, लग्नाला,
आणि संध्याकाळी परत आली.
तिथे म्हणे पंख्याचा आवाज वेगळा येतो.
तुळस तिने नेली आहे.
क्रुसाशेजारी ठेवलीय, ऊन तिथंच येतं.

नलूताईचा फोन आला काल.
तिथे तुझं काही झालं तर?
मी म्हटलं, तारली मिळते तिथे, ताजी. बोंबील मात्र नाही.
ती रडायला लागली,
बोंबलासाठी नसावी.

रात्री व्हिसाचा फॉर्म पुन्हा काढला.
एकच रकाना राहिला होता, तातडीचा संपर्क.
जवळचे दोघे-तिघे आठवले,
त्यातला एक गेल्या वर्षी गेला.
नोटीस काढून थांबण्याची सवय आहे मला,
पण ती दुसऱ्याच्या मालासाठी.

सकाळी पाणी यायच्या आत
फिलोमिनाला सांगितलं, तुझं नाव घातलंय.
निदान त्यांना नीट वाचता येईल.
तिने भिजवलेले वाल हातातच धरले.
"फोन आयला त मी बोलू काय त्यांशी?"

मी खोलीची चावी तिच्या खिळ्याला अडकवली.
म्हटलं, एवढंच सांग,
चावी माझ्याकडे आहे.
चावी कळेल त्यांना.