हातसामान : सात किलो

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
बाहेर त्रेचाळीस, आत उणे बावीस,
मधे रबरी पट्ट्यांचा पडदा
आणि मी, दिवसातून साठ वेळा
ऋतू ओलांडणारा.

पुढच्या चिलरमध्ये ताजा माल.
थर्माकोलच्या पेट्या, प्रत्येकीवर एकच गाव : ट्रोम्सो.
परकार म्हणाला, जिथून हे मासे येतात
तिथे एकदा जाऊन यायला पाहिजे.
माणसानं मालकाचं घर बघू नये,
मालाचं बघावं.

मग हिशेब.
सरळ विमान आपलं नाही.
अबुधाबीहून बुडापेस्ट, तिथे रात्र बाकावर
(मधे हात नसलेला बाक कुठल्या गेटजवळ आहे
हेसुद्धा परकारनं शोधून ठेवलेलं),
मग ग्दान्स्क, मग ट्रोम्सो.
सप्टेंबरअखेर. तेव्हा तिकडे कुणी जात नाही.
एका खोलीत आठजण, वर-खाली पलंग.
आम्हाला त्याचं काय कौतुक?
चौदा महिने शवर्मा बंद.
केस एकमेकांचे कापले,
व्हिसाच्या फोटोत ते कळतं.

दुबईच्या ऑफिसात ठसे उमटेनात.
पेट्यांनी बोटं गुळगुळीत केलेली.
काउंटरवरच्या मुलीनं तीनदा ओला कागद दिला,
तिसऱ्यांदा न बघताच.

परकारला मिळाला.
मला उत्तरेकडून उत्तर आलं, एका ओळीचं :
अर्जदार परत येईल याची खात्री पटत नाही.

अकरा वर्षं.
दर दोन वर्षांनी चाळीस दिवस घर,
एकेचाळिसाव्या दिवशी मी पुन्हा पडद्याशी.
परत येण्याशिवाय मी दुसरं केलंय काय?

माझा कोट जाड म्हणून तोच नेला त्यानं.
पिशवीत घातला तर सात किलोचे दहा होतात,
म्हणून अंगात.
जुबैल बस स्टँडवर, दुपारी तीनला,
टोपीपासून गुडघ्यापर्यंत कोल्डस्टोअर घालून
अन्वर परकार उभा.
पठाण ड्रायव्हरनं विचारलं, बुखार है?
तो म्हणाला, नहीं, वजन है.
पिशवीत दोन सदरे, दहा चपात्या
आणि डब्यात सुकटाची चटणी.
माशांच्या गावाला सुकट घेऊन निघालेला
दापोलीचा माणूस.

चौथ्या दिवशी आवाज आला, सतरा सेकंदांचा.
पंधरा सेकंद वारा.
मग : ढग आहेत रे, आकाशात काही दिसत नाही.

दुसरा, रात्री उशिरा :
खोलीतल्या एका पोलिश पोरानं सुकट खाल्लं.
अजून पाणी पितोय.

सोमवारी गाडी लागली. मी पेट्या उतरवल्या.
लेबलवर तारीख होती सत्तावीस.
सत्तावीसला परकार तिथल्या धक्क्यावर उभा होता,
फोटो आहे माझ्याकडे :
मागे करडं पाणी, पुढे माझा कोट, चेहरा वाऱ्यानं वाकडा.
या पेटीतले मासे त्याच्या जवळून गेले असतील.
ते सरळ आले. गार, झोपून, बर्फाच्या अंथरुणात,
कुणी त्यांना परतीची खात्री विचारली नाही.
परकार अजून ग्दान्स्कला होता,
स्वस्त विमानाची वाट बघत, बाकावर,
आणि त्या बाकाला मधे हात होते.

गुरुवारी आला. कोट माझ्या खुंटीला लावला.
सगळे जमले. बंगाली, मलबारी, सुपरवायझरसुद्धा.
काय बघितलंस? थंडी कशी होती?
त्यानं चहात पाव बुडवला, बराच वेळ.
म्हणाला, खास काही नाही.
आपल्या आत जास्त असते.

मग झोपला, सलग चौदा तास.

कोटाच्या डाव्या खिशात बसचं तिकीट निघालं,
त्यांच्या भाषेतलं, ओलं होऊन वाळलेलं,
आणि एक गोटा, चपटा, करडा.
विचारलं नाही, कुठला, कशासाठी.
तिकीट फेकलं.
गोटा तसाच ठेवलाय.
पडद्यातून आत जाताना
मांडीला लागतो.
बाहेर येतानाही.