लोड केस सतरा

रुवैसला ऑगस्टात काँक्रीट रात्री ओततात.
दिवसा सळईला हात लागला तर कातडी तिथेच राहते.
मिक्सरमध्ये पाण्याच्या जागी बर्फ.
थर्मामीटर खुपसून मी म्हणायचं, "सोडा."
नाहीतर, "परत न्या."
एवढंच माझं काम, आणि सळया मोजणं.

अंगठ्याहून जाड सळया,
आडव्या, उभ्या, मधून आरपार आकडे,
इतक्या दाट की व्हायब्रेटरची नळी शिरेना.
दाऊद परकार, मुरुडचा, तारेला पीळ देत म्हणाला,
"सायेब, उंदीर अडकंल यात. कुणाच्या भ्यानं एवढं?"

मी ड्रॉइंग उलगडलं, टॉर्च धरला.
भिंतीवर एक बाण, बाणामागे विमान,
ना खिडक्या, ना शेपटीवर पक्षी.
खाली आलेख: आधी बारकं टेंगूळ,
मग पंख-इंजिनांचा सुळका,
मग शून्य. सगळं पापणी लवेपर्यंत.

समजावलं त्याला:
विमान म्हणजे पोकळ डबा,
नाकापासून मागे चुरगळत येतो.
कठीण असतो तो इंजिनाचा दांडा.
तो घुसू बघतो तेव्हा भिंत
हट्टाने उभी राहत नाही,
जराशी मागे सरते, तडकते,
सळया ताणतात, लांबतात,
आणि हा तुझा आकडा
आतल्या अंगाची खपली पडू देत नाही.

पीळ देणं थांबलं नव्हतं त्याचं.
"आणि आत माणसं किती धरलीत?"
"आत पाळीला असतील दहा-बारा."
"इमारतीत नाय वो. इमानात."

मी तक्ता पाहिला.
वस्तुमान, वेग, इंधन, कोन.
माणसांचा रकाना नव्हता.
"वजनात धरली असतील," मी म्हणालो.
तेवढ्यात पंप सुरू झाला.

नोव्हेंबरात सुट्टीवर निघालो.
स्वस्त पडलं म्हणून दोह्यावरून तिकीट.
डाव्या खिडकीत किनारा सरकत आला
आणि त्याच्या कडेला घुमट,
पालथ्या वाटीएवढा.
ज्या थराला मी परत पाठवलं नाही तो कुठला,
वरून काही कळेना.

शेजारी एक नर्स झोपलेली, तोंड उघडं.
वरच्या कप्प्यात परकारच्या मुलीसाठी
दोन किलो खजूर.
वेग पाठ आहे मला. कोनही.
पुढच्या रांगेपासून डोकी मोजायला लागलो.
एकवीस झाली तेव्हा चहा आला.