दगडले घाम उना

बांभोरीला, गिरणेच्या पुलापलीकडे,
आमचा ऑटोक्लेव्ह चारशे अंशांवर पोचतो
तेव्हा बाहेर चव्वेचाळीसच असतात.
आत दीपनगरहून मागून आणलेला
दोन मुठी कोळसा, आणि टेट्रालीन,
जे आपला हायड्रोजन उसना देतं
नि परत मागत नाही.

आधी कार्बॉक्सिल सुटतात, फार आढेवेढे न घेता,
नळीतून बुडबुडत.
मग इथरचे पूल. एकच ऑक्सिजन,
दोन्ही हात ताणून दोन वलयं धरून बसलेला,
कोट्यवधी वर्षं.
त्याचा एक हात निसटतो
आणि दगडाच्या मनात पहिल्यांदा
वाहायचं येतं.

फिनॉल मात्र हट्टी.
तेलात उतरले तरी वास सोडत नाहीत,
सिव्हिलच्या पुसलेल्या लादीचा,
माझ्या पहिल्या बाळंतपणाचा.
वहीत लिहिते: अवशिष्ट ऑक्सिजन.
आकडा दोनदा तपासते.

झेंडू आप्पा रुमालाने मान पुसत वाकतात.
सापळ्याच्या काचेत तीन मिली पाणी.
'दगडले घाम उना, ताई.'

आप्पांच्या गावी नळ अकराव्या दिवशी येतो.
ते बाटली खिडकीतल्या तुळशीकडे नेतात,
मी म्हणते, नको, जळेल ती.
'माहीत शे,' म्हणतात. नुसतीच उजेडात धरतात.

अहवालात या पाण्याचा रकाना वेगळा आहे:
वाया गेलेला हायड्रोजन.
मी तिथे तीन लिहिते.
आप्पा बूच लावतात,
तारीख टाकतात,
मागच्या सतरा बाटल्यांशेजारी ठेवतात.