एका लाइनीचं घर

यॉर्कटनला, ओरेस्ता ह्नात्युकच्या तळघरात,
भट्टीच्या कडेला, लोणच्यातल्या बिटांच्या बरण्यांखाली
एक कॉम्प्युटर होता आणि फोनची एक लाइन.
म्हणजे आत एका वेळी एकच माणूस.
बाकीच्यांनी आपापल्या घरून डायल करायचं,
एंगेज टोन ऐकायचा,
पुन्हा डायल करायचं.

माणशी चाळीस मिनिटं. नियम तिचाच.
एकेचाळिसावं लागलं की मशीन हाकलून द्यायचं,
वाक्य अर्धं असलं तरी.

तिथे कोणी आपल्या नावाचं नव्हतं.
मी ‘आठवा घोडा’, वय चौदा.
गव्हाच्या कोठारावरचा एक जण ‘शून्याखाली’.
आणि ‘टिटवी’, बाई की बुवा कोणास ठाऊक,
मधमाश्यांवर पानंच्या पानं लिहायची.
थंडीत त्या झोपत नाहीत, लिहायची,
गोळा होऊन थरथरतात,
थरथरण्याचीच ऊब.

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत एका रात्री
लाइन लागलीच नाही.
शून्याखालीनं माझा उंट कोंडला होता, चाल द्यायची होती.
सत्तेचाळीस वेळा फिरवला फोन.
सकाळी आत शिरून बोंब ठोकली:
रात्रभर कोण बसलं होतं? नियम फक्त आम्हालाच का?
ओरेस्ताचं उत्तर एका ओळीचं:
लाइन खराब होती.

परवा तिच्या मुलीनं बोलावलं, तळघर रिकामं करायला.
बरण्या तशाच. मोडेम उंदरांनी नेलेला, म्हणजे त्याची वायर.
आणि वही.

टिटवी. ९.४० ते ५.५५.
वेळ वाढवली. वाढवली. वाढवली.
‘आहेस?’ असं तिनं विचारलेलं, थोड्या थोड्या वेळानं,
आणि पलीकडून टिंब.
नुसतं टिंब.
तीही उतरवून घेतलीत तिनं, शाईनं, एकाखाली एक,
पुढे घड्याळ.
२.१० नंतर ३.०५पर्यंत एकही नाही.
तिथे कागदाला पेनच्या टोकानं भोक पडलंय.

शेवटी: ‘म्हणते, दारातला बर्फ काढायचाय. गेली.’

म्हणजे बाई होती.

पुढच्या आठवड्यात टिटवीनं लिहिलं होतं
पोळ्याला साखरेचं पाणी किती द्यावं त्यावर.
मी उत्तर दिलं नव्हतं, मला उंटाचं पडलं होतं.
तो गेलाच.

आता कधी कधी तोंडानं काढून बघतो एंगेज टोन.
टूं. टूं.
मधे एवढी जागा असते,
तेव्हा ऐकू आली नव्हती.