शिल्लक पिशव्या

त्या हिवाळ्यात आम्ही पाव उघडेच विकले.
गिऱ्हाईक विचारायचं, पिशवी?
मी म्हणायचे, कोट आहे ना अंगावर?
कोटात घ्या. ऊब लागेल दोघांनाही.

काही हसले. काही समोरच्या दुकानात गेले,
त्यात माझी सख्खी नणंद.
एक म्हातारा रोज उशीची खोळ घेऊन यायचा,
निळ्या फुलांची,
बारा बन तिच्यात टाकून पाठीवर मारायचा
आणि डनडास रस्त्यानं निघायचा, चोरासारखा, खूश.

दारावर पुठ्ठा लावला होता:
ह्या पिशव्या ज्या जंगलाच्या, ते जंगल
त्यांनी कुणाला विकलेलं नाही.
एक अक्षर चुकलं होतं. तसंच ठेवलं.

कंपनीचा माणूस आला, बुटांचा बर्फ झटकत.
शेकड्यामागे दर उतरवला. परत उतरवला.
मग कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवून म्हणाला,
बाई, झाड काय कुणाच्या बापाचं असतं?
म्हटलं, तेच तर म्हणतायत ते लोक.
बापाचं.
बापाच्या बापाचं.

फेब्रुवारीत एक बाई आली,
डेलिमा नोस्कीये, क्री,
पीस नदीच्याही वरून, तीन दिवस बसनं.
संध्याकाळी तिची सभा होती, आणि तिला भूक लागली होती.
पुठ्ठा वाचला. चुकलेल्या अक्षरावर बोट ठेवलं. काही बोलली नाही.
मग गल्ल्याखाली वाकून बघितलं:
सुतळीनं बांधलेला गठ्ठा, आधीचा, उरलेला.
ह्यांचं काय करणार?
भट्टीत घालणार होते, मी म्हटलं. जरा अभिमानानंच.

तिनं एक ओढून काढली.
उघडली, आणि तोंड आत घातलं,
घोडा तोबऱ्यात घालतो तसं, कानापर्यंत.
रांगेतली माणसं छताकडे बघू लागली.
मी विचारलं, वास येतो? स्प्रूसचा?
आतून आवाज आला: नाही.
तेच बघत होते.

पिशवीची घडी तिनं पुन्हा पहिल्या रेघांवर घातली.
म्हणाली, ओढ्यापासून दुसऱ्या तळ्यापर्यंत
मामा सशांचे फास लावायचा.
अंधारातसुद्धा पायांना ठाऊक होती ती वाट.
परवा तिथं चुकले. दिवसाढवळ्या.
चुकायला झाडच नव्हतं एकही, तरी चुकले.

भट्टीत नको, ती म्हणाली. मला द्या.
कशाला, हे मी विचारलं, आणि जीभ चावली.
घरी नेते, म्हणाली.

एका काखेत गठ्ठा, एका काखेत पाव,
उघडाच, वाफ निघत होती.
दार उघडायला तिला हात उरला नव्हता.
खोळवाल्या म्हाताऱ्यानं उघडलं,
आणि का कोण जाणे, टोपी काढली.

रात्री वही घेऊन बसले.
चारशे अकरा पिशव्या. रोख नाही, उधार नाही,
उंदरांनी खाल्ल्या म्हणावं तर तसंही नाही.
कुणाच्या नावे टाकायच्या?
पेन्सिलीला टोक केलं. पुन्हा केलं.
लाकडाची साल टेबलावर पडली, पातळ, गोल,
आणि तिला मात्र वास येत होता.